अकरा नंबरचा थर्मास

सेकंड ड्युटी सुटली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते.
नफिसा होडेकरने स्कूटी काढली. म्हणाली, बस, मांडवकर,
तुला रत्नागिरी दाखवते.
दीड वर्ष राहतेयस आणि पाहिलंयस काय?
हॉस्टेल, मेस, वॉर्ड, जयस्तंभाचा स्टॉप.

माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास,
निळा, झाकण दोऱ्याने बांधलेलं.
अकरा नंबरच्या आजोबांचा.
ते गेले मंगळवारी. नेणाऱ्यांनी सगळं नेलं,
चादर, चपला, उरलेली दोन संत्रीसुद्धा.
हा कॉटखाली राहिला.

आमच्या वाडीत विजेचा खांब एक,
तोही देवळापाशी.
मारुती मंदिरचा चौक रात्री अकरा वाजता
मला अजून जत्रेसारखा वाटतो,
हे मी तिला सांगितलं नाही.

ती शहर दाखवते ते असं:
तिसरा मजला, दिवा चालू आहे ना, ते अपेंडिक्स.
मेडिकलच्या वर, जुळी, सातव्या महिन्यातली,
आता रांगतात दोघं, आई रडकुंडीला आलीय.
आणि हा गाडीवाला बघ, हाताला सहा टाके,
ड्रेसिंग माझं,
आणि त्याच हाताने कांदा चिरतोय!
ओरडली जाता जाता, पाणी लावू नको रे!
त्याने सुरी उंचावून सलाम केला.

थिबा पॉइंटला वारा होता.
खाली खाडी, म्हणजे काळोखच, पण हलणारा,
भाट्याच्या पुलावर दिव्यांची एक रांग
आणि अलीकडे राजिवडा, दाटीवाटीने.
तो हिरवा बल्ब दिसतोय? आमचं घर.
अब्बा जागे असतील
कुणाच्या तरी इंजिनाचा तुकडा पुढ्यात घेऊन.
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, बल्ब बदलायला हवा.

रामआळीत शटरं उतरलेली.
गोखले नाक्यावर पोलिसांनी हात दाखवला.
कुठे निघालात एवढ्या रात्रीच्या?
थर्मास द्यायला.
त्यांनी तो हलवून पाहिला, आत काहीतरी डुचमळलं.
जा, म्हणाले, पण हळू चालवा.

पुढे सुक्या मासळीचा वास धरून गेलो.
केसपेपरवरचा पत्ता कुचकामी,
पेठ किल्ला, बंदराजवळ, बस्स, एवढाच.
जाळं विणणाऱ्या एकाने हातातल्या सुईनेच
घर दाखवलं.

आजी ओट्यावर कोलंबी सोलत होत्या.
डोंगरावरच्या दीपगृहाचा झोत यायचा,
माडांची टोकं चाटून पुन्हा समुद्राकडे जायचा,
त्या मान वर करत नव्हत्या.
कोण गो तुम्ही?
नफिसा, वॉर्डभर आवाज चढवणारी नफिसा,
गप्प.
मीच पिशवी पुढे केली.

दोरा सोडायला त्यांना वेळ लागला, बोटं ओली होती.
झाकण काढून वास घेतला.
सोमवारचा चाय, म्हणाल्या. साखर जास्त घातलेली मी.
उघडला पण नाय त्यानी.
मी उगीच बोट बुडवून पाहिलं, ड्युटीची सवय.
गार. साफ गार.
त्यांनी तो माडाच्या मुळाशी ओतला,
थर्मास दोनदा विसळला, पालथा घातला,
आणि परत कोलंबीला बसल्या.
निघताना कागदात गुंडाळून मूठभर सोडे दिले.
नको म्हणायला तोंडच उघडलं नाही.

धनजी नाक्याच्या अलीकडे पेट्रोल संपलं.
चढावर स्कूटी ढकलत निघालो,
मागे एक कुत्रं, त्याला सोड्यांचा वास लागलेला.
नफिसा आता कुठलंच घर दाखवत नव्हती.
वरून खाली सगळे दिवे तिथेच होते.

बऱ्याच वेळाने म्हणाली,
उद्या अकरावर साखरप्याचा पेशंट येतोय.
कुठे गं हे साखरपा?

घाटाच्या अलीकडे, मी म्हटलं,
आमच्याकडून डोंगर ओलांडला की दोन तासांची वाट,
रात्री एसटी नाही, रेंज नाही,
नातेवाइकांना जेवणाचं आधीच विचारावं लागेल.

हॉस्टेलच्या फाटकापर्यंत
मी तिला साखरपा सांगत राहिले.